ली घराण्याच्या पत्रांच्या दोन ट्रंका, आणि सेलिना ग्रेचं पत्र

निशिगंधा

अमेरिकन यादवीवर इथे पूर्वी बरेच धागे निघाले आहेत, पण ते बहुतेक लढायांवरचे. हा धागा युद्ध संपल्यानंतरच्या कागदांवर आहे.

अलेक्झांड्रिया या व्हर्जिनियातल्या गावात बर्क अँड हर्बर्ट नावाची जुनी बँक आहे. तिच्या तिजोरीच्या खोलीत २००२ साली दोन लाकडी ट्रंका सापडल्या. त्या मेरी कस्टिस ली या बाईंनी १९१७ मध्ये ठेवायला दिल्या होत्या. पुढच्याच वर्षी त्या वारल्या. लग्न केलेलं नव्हतं, मूलबाळ नाही, त्यामुळे ट्रंकांची चौकशी करायला कोणी आलंच नाही. ८५ वर्षं त्या तिथेच होत्या. मेरी म्हणजे दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ई. ली याची थोरली मुलगी. ट्रंकांत सुमारे चार हजार कागद आणि वस्तू निघाल्या: वडिलांची पत्रं, आईकडच्या कस्टिस घराण्याचे जुने कागद (हे पहिले अमेरिकन अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची बायको मार्था हिचं घराणं), फोटो, मेरीने जगभर फिरताना जमवलेली पोस्टकार्डं. लींच्या खापरपणतूंनी ते सगळं बघितलं आणि आता ते रिचमंडच्या ऐतिहासिक संस्थेत आहे.

घरातली पत्रं जपून ठेवणं म्हणजे घरातल्या कोणीतरी निवड करणं. लींचा धाकटा मुलगा रॉब याने १९०४ मध्ये वडिलांच्या आठवणी आणि पत्रं छापली. त्यातला ली प्रेमळ बाप आहे, सभ्य आणि धार्मिक आहे. हे खोटं नाही, त्याची मुलांना लिहिलेली पत्रं खरंच सुंदर आहेत. पण दक्षिणेत युद्धानंतर जी कथा रचली गेली, की आमचं ध्येय उदात्त होतं, गुलामगिरीचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता, आम्ही फक्त संख्येने कमी पडलो, त्या कथेला असाच ली हवा होता. रिचमंडमध्ये १८९० साली त्याचा प्रचंड अश्वारूढ पुतळा उभा राहिला. ट्रंका तेव्हा बंद नव्हत्या, त्या कुटुंबाच्याच हातात होत्या. पुतळा २०२१ च्या सप्टेंबरात उतरवला.

ट्रंका उघडल्यावर एलिझाबेथ ब्राउन प्रायर या इतिहासकार बाईंना ते कागद वाचायला मिळाले. त्यांचं पुस्तक २००७ मध्ये आलं. त्यांनी लीला ना देव केलं, ना राक्षस. पत्रांच्या शेजारी हिशेबाच्या वह्या ठेवल्या, वह्यांच्या शेजारी गुलाम असलेल्या माणसांच्या जबान्या ठेवल्या, आणि मग वाचलं. मला त्यांची ही पद्धत फार महत्त्वाची वाटते.

त्यांनी पुढे आणलेलं एक पत्र बघा. ली २० एप्रिल १८६१ ला अमेरिकेच्या सैन्यातून बाहेर पडला. शाळेच्या पुस्तकांतून ठरलेलं चित्र असं, की रात्रभर तो माडीवर येरझाऱ्या घालत होता, प्रार्थना करत होता, आणि सगळं कुटुंब श्वास रोखून त्याच्या बाजूने उभं होतं. थोरल्या मेरीने १८७१ मध्ये लिहिलेल्या पत्रात वेगळंच आहे. घरातली माणसं बहुतांशी संघराज्याच्या बाजूची होती. निर्णय त्याने एकट्याने घेतला आणि मग सगळ्यांना सांगितला. तुम्हाला वाटत असेल मी फार चूक केली, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला, आणि खोलीत कोणी लगेच उत्तर दिलं नाही. त्याची सख्खी बहीण ॲन बाल्टिमोरला राहायची. तिचा मुलगा उत्तरेकडून लढला आणि तिने भावाशी पुन्हा संबंध ठेवला नाही. 'माझ्या राज्याविरुद्ध शस्त्र उचलणं मला शक्य नाही' हे वाक्य दोनशे पुस्तकांत सापडेल. पण त्याच राज्यातल्या, त्याच घरातल्या माणसांना दुसरा मार्ग दिसत होता, हे कळायला घरातलंच पत्र लागलं.

आता शीर्षकातली सेलिना. सेलिना ग्रे ही अर्लिंग्टनच्या, म्हणजे ली कुटुंब राहायचं त्या घरात गुलाम म्हणून जन्मली आणि मिसेस ली (रॉबर्ट लीची बायको) यांची घर सांभाळणारी बाई झाली. मे १८६१ मध्ये मिसेस ली घर सोडून निघाल्या तेव्हा घराच्या किल्ल्या त्यांनी सेलिनाच्या हातात दिल्या. काही दिवसांत उत्तरेचं सैन्य आलं. जॉर्ज वॉशिंग्टनच्या वस्तू चोरीला जाऊ लागल्यावर सेलिना सैनिकांवर ओरडली आणि थेट जनरल मॅकडॉवेलपर्यंत तक्रार घेऊन गेली. उरलेल्या वस्तू मग राजधानीत पेटंट ऑफिसात हलवण्यात आल्या. युद्धानंतर, नोव्हेंबर १८७२ मध्ये, तिने जुन्या मालकिणीला पत्र लिहिलं. अर्लिंग्टनची हालहवाल कळवली. तोपर्यंत ती स्वतंत्र नागरिक होती.

एका घराण्याच्या जपलेल्या कागदांत सेलिनाचा आवाज असा एखाद्या पानावर येतो. बाकीच्यांचा कुठे शोधायचा? इथे अभिलेखागारात काम करणारे, जुनी दप्तरं वाचणारे सभासद आहेत, त्यांनी लिहावं ही विनंती.

रानवारा

निशिगंधाताई, सुंदर लिहिलंय. सेलिनाला लिहितावाचता कसं येत होतं? व्हर्जिनियात गुलामांना शिकवायला बंदी होती ना?

निशिगंधा

होती. १८३१ मध्ये नॅट टर्नरचा उठाव झाला, त्याच सुमाराला गुलामांना एकत्र बसवून वाचायला-लिहायला शिकवणं व्हर्जिनियात बेकायदा ठरलं. तरी मिसेस ली आणि त्यांच्या आई अर्लिंग्टनवर शिकवायच्या. बायबल वाचता यावं हा त्यांचा हेतू. पुढे मोकळं करून आफ्रिकेत पाठवायचं हाही विचार त्यामागे होता. पण अक्षर एकदा आलं की ते बायबलपुरतं राहत नाही.

बापू_सातारकर

लेख आवडला, पण दोन शंका आहेत, त्या स्पष्ट मांडतो.

पहिली, १८५० च्या माणसाला आजच्या गजाने मोजू नये. ली स्वतः गुलामगिरीला नैतिक आणि राजकीय दुष्कृत्य म्हणाला होता, बायकोला लिहिलेल्या पत्रात. हे मी एकाहून अधिक ठिकाणी वाचलंय. ज्या वर्गात तो जन्मला तिथे हे म्हणायला धैर्य लागत असेल.

दुसरी, ही खासगी पत्रं आहेत. बापाने मुलीला, नवऱ्याने बायकोला लिहिलेली. मुलीने ती बँकेत ठेवली म्हणजे लोकांनी वाचावीत अशी तिची इच्छा असेलच असं नाही. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही.

निशिगंधा

बापूकाका, पहिल्या शंकेचं उत्तर त्याच पत्रात आहे. २७ डिसेंबर १८५६ चं ते पत्र. तुम्ही सांगितलेलं वाक्य त्यात आहे, आणि लोक तिथेच थांबतात. पुढे तो म्हणतो की या दुष्कृत्याचा त्रास काळ्यांपेक्षा गोऱ्यांना अधिक होतो. आफ्रिकेत असते त्यापेक्षा हे लोक इथे कितीतरी बऱ्या अवस्थेत आहेत. जी कठोर शिस्त त्यांना सोसावी लागते ती त्यांच्या वंशाच्या शिक्षणासाठी आवश्यक आहे. ही गुलामी किती काळ चालायची ते ईश्वरालाच ठाऊक, आणि गुलामगिरी विरोधकांनी त्यात लुडबुड करू नये. पत्र पूर्ण वाचलं की पहिलं वाक्य तसं उभं राहत नाही.

आजच्या गजाचं म्हणाल तर त्या काळातले गज काय होते तेही बघू. लींचे सासरे १८५७ च्या ऑक्टोबरात वारले. मृत्युपत्रात लिहिलं होतं की आपल्या गुलामांना पाच वर्षांच्या आत मुक्त करावं. तीन मळ्यांवर मिळून ते सुमारे दोनशे जण होते. अंमलबजावणी लीकडे आली. इस्टेटीवर कर्ज होतं आणि चार नातींना प्रत्येकी दहा हजार डॉलर द्यायचे होते. ते पैसे गुलामांच्या श्रमातून उभे करायचे ठरलं. म्हाताऱ्याने मरताना आपल्याला मुक्त केलं असं गुलामांना वाटत होतं, आणि नवा मालक त्यांना दूरच्या मळ्यांवर भाड्याने देत होता. प्रायर यांच्या म्हणण्याप्रमाणे १८६० पर्यंत अर्लिंग्टनवरची एक सोडून सगळी कुटुंबं अशी तुटली होती. मुदत वाढवून मिळावी म्हणून ली कोर्टातही गेला. ती मिळाली नाही, आणि मुक्तीच्या कागदावर त्याने २९ डिसेंबर १८६२ ला सही केली. लिंकनची मुक्तीची घोषणा त्यानंतर तीन दिवसांनी लागू झाली.

१८५९ मध्ये अर्लिंग्टनवरचे गुलाम वेस्ली नॉरिस, त्याची बहीण मेरी आणि एक चुलतभाऊ पळाले. मेरीलँडमध्ये वेस्टमिन्स्टरजवळ पकडले गेले. वेस्लीने १८६६ मध्ये दिलेली जबानी छापून आली आहे. तो सांगतो की पुरुषांना पन्नास आणि बहिणीला वीस फटके ठरले. अर्लिंग्टनच्या मुकादमाने मारायला नकार दिला, म्हणून कॉन्स्टेबलला बोलावलं. फटक्यांनंतर पाठी मिठाच्या पाण्याने धुवायला लावल्या. लीने खासगी पत्रातून हे नाकारलं, जाहीरपणे कधी उत्तर दिलं नाही. १८५९ मध्येच न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात बातमी आली होती, तेव्हा त्याने मुलाला एवढंच लिहिलं की आजोबांनी माझ्यासाठी नकोसा वारसा ठेवला आहे.

दीडशे वर्षं लोक म्हणत होते की नॉरिसचं म्हणणं उत्तरेचा प्रचार आहे. मग प्रायर यांना लीच्या हिशेबात त्याच कॉन्स्टेबलला दिलेल्या ३२१ डॉलरची नोंद मिळाली, पळालेल्यांना पकडण्याच्या खर्चाची. त्यात फटके लिहिलेले नाहीत. पण नॉरिसने सांगितलेलं आडनाव, वेळ आणि ठिकाण तिथे जुळतं. ज्या मुकादमाने मारायला नकार दिला, त्याच्याकडेही त्याच काळातला एक गज होताच.

मोडीवाचक

या धाग्यावर यायलाच हवं होतं. मी मोडी कागद वाचतो, जमीनजुमल्याच्या कामांसाठी आणि थोडं आवडीनेही.

निशिगंधा, तुम्ही लिहिलेली हिशेबाची गोष्ट अगदी पटली. घराण्याच्या दप्तरात पत्र हा सर्वांत सावध कागद असतो. लिहिणाऱ्याला माहीत असतं की हे वाचलं जाणार, कदाचित मोठ्याने, चार माणसांत. खर्चाच्या वहीत माणूस सावध नसतो, तिथे त्याला फक्त बेरीज जुळवायची असते. आमच्याकडच्या एका घरात (नाव नको) पत्रांमध्ये एका विधवा काकूंचा उल्लेख फार आदराने येतो. वहीत त्यांच्या नावापुढे वर्षाला दोन लुगडी आणि एवढं धान्य, बस. तिसऱ्या पिढीला काकूंचं आयुष्य त्या वहीतून कळलं.

दुसरं, कागद कुठल्या गठ्ठ्यात, कोणत्या कागदाशेजारी होता हे हलवू नये. हौशी माणसं 'महत्त्वाची' पत्रं वेगळी काढतात आणि बाकीचं रद्दीत घालतात. आपल्याकडे इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या पिढीने गावोगाव फिरून जे वाचवलं ते वाचलं, पण रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) सोडताना किती घरांत किती जळालं याला हिशेब नाही. या ट्रंका कोणी उघडल्या नाहीत हे एका अर्थी नशीबच. मुलीने ज्या क्रमाने ठेवलं तसं मिळालं असेल तर तो क्रमही वाचायचा असतो.

बापूसाहेब, खासगीपणाबद्दल: मुलीला नको असतं तर चूल घरात होतीच. तिने बँकेत पैसे भरून ठेवलं.

अश्विनी_पु

मी इतिहासातली नाही, पण मिसेस लींबद्दल वाचून अस्वस्थ झाले. संधिवाताने त्या चाकांच्या खुर्चीत होत्या ना? घर गेलं, मुलगी गेली. त्यांच्या पत्रांत काय आहे?

निशिगंधा

अश्विनी, त्यांच्याबद्दल सावकाश लिहिते, कारण इथे मलाही सोपं उत्तर नाही.

युद्धात त्यांची ॲनी ही मुलगी १८६२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात आजारी पडून गेली, वय २३. मुलगा रूनी जखमी झाला, उत्तरेच्या कैदेत गेला, आणि तो कैदेत असतानाच त्याची बायको शार्लट वारली. अर्लिंग्टन तर त्यांच्या वडिलांचं, त्या तिथेच वाढलेल्या. १८६२ च्या एका कायद्याने बंडखोर राज्यांतल्या जमिनींवर कर बसवला आणि नंतर मालकाने तो जातीने येऊन भरावा असा नियम लावला. कराची रक्कम होती ९२ डॉलर ७ सेंट. त्यांनी एका नातलगाला पैसे घेऊन पाठवलं, ते घेतले नाहीत. जानेवारी १८६४ मध्ये लिलाव झाला आणि सरकारनेच २६,८०० डॉलरला ते विकत घेतलं. त्याच वर्षी मे महिन्यात तिथे पहिल्या सैनिकाचं दफन झालं. क्वार्टरमास्टर जनरल (उत्तरेच्या सैन्याच्या पुरवठ्याचा प्रमुख) मेग्ज याने मुद्दाम घराच्या अगदी जवळ, फुलांच्या बागेच्या कडेने कबरी घालायला लावल्या, म्हणजे लींना तिथे परत राहणं अशक्य व्हावं. १८६६ मध्ये त्याच बागेत २,१११ अनोळखी सैनिकांचे अवशेष एका थडग्यात ठेवले.

मिसेस लींच्या पत्रांत याचा संताप आहे, आणि तो कडू आहे. दारापर्यंत कबरी आणल्या, साधी माणुसकी पाळली नाही, असं त्या लिहितात. जून १८७३ मध्ये त्या एकदाच तिथे गेल्या. गाडीतून उतरता आलं नाही. ते सगळं जुन्या स्वप्नासारखं वाटलं असं त्यांनी नंतर मैत्रिणीला लिहिलं. ऑक्टोबरात त्यांची ॲग्नेस ही मुलगी वारली आणि नोव्हेंबरात त्या स्वतः.

हे वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी येतं. आणि तरी त्याच पत्रांत मुक्त झालेल्या माणसांबद्दलचे शब्द वाचले की तेच डोळे कोरडे होतात. युद्ध चालू असताना अर्लिंग्टनच्याच जमिनीवर सरकारने मुक्त झालेल्यांसाठी गाव वसवलं होतं, फ्रीडमन्स व्हिलेज नावाचं. घरं, शाळा, दवाखाना. मालकिणीचं घर गेलं तिथेच शेकडो माणसांना पहिल्यांदा स्वतःचं म्हणावं असं दार मिळालं. पुढे सरकारने त्यांनाही तिथून उठवलं, पण ती वेगळी आणि तितकीच वाईट कथा आहे. एका दुःखाने दुसरं खोडता येत नाही, आणि मला खोडायचंही नाही.

पोटोमॅक

मी पोटोमॅक नदीच्या अलीकडेच राहतो, त्यामुळे काही भर घालतो.

अर्लिंग्टन हाऊस दुरुस्तीनंतर जून २०२१ मध्ये पुन्हा उघडलं. पूर्वी तिथे फक्त जनरलसाहेबांची खोली, जनरलसाहेबांचं टेबल असं दाखवायचे. आता मागच्या गुलामांच्या खोल्यांना तितकंच महत्त्व दिलंय. दक्षिणेकडच्या इमारतीत सेलिना, तिचा नवरा थॉर्नटन आणि त्यांची आठ मुलं राहायची. १९२५ नंतर घराची दुरुस्ती करायची ठरली तेव्हा कुठे काय होतं हे सांगणाऱ्यांत सेलिनाच्या मुली होत्या. आज पर्यटक जी मांडणी बघतात तिचा काही भाग त्यांच्या आठवणीवर उभा आहे.

सेलिनाचा एक फोटो २०१४ मध्ये ब्रिटनमधून इंटरनेटवर विकायला आला होता, दोन मुलींबरोबरचा, दुर्बिणीसारख्या चष्म्यातून बघायचे ते जोडफोटो असायचे तसला. घरासाठी काम करणाऱ्या लोकांनी तो ओळखून विकत घेतला. घराण्याची पत्रं बँकेत नीट राहिली, आणि तिचा फोटो समुद्रापलीकडे कोणाच्या तरी जुन्या सामानात.

जमिनीच्या खटल्याबद्दल: लींचा मोठा मुलगा कस्टिस ली कोर्टात गेला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १८८२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. कर नाकारून जमीन घेणं बेकायदा ठरलं. हजारो कबरी उकरून काढणं तर शक्य नव्हतं. मग सरकारने १८८३ मध्ये दीड लाख डॉलर देऊन ती रीतसर विकत घेतली. बंडखोर सेनापतीच्या मुलाला त्याच सरकारच्या कोर्टात न्याय मिळाला. वेस्ली नॉरिसला त्याच्या मजुरीचा एक पैसा मिळाला नाही. १८६६ च्या जबानीत तो सांगतो की आता आपण सरकारच्या नोकरीत अर्लिंग्टनवरच काम करतो.

अवांतर: ट्रंकावाल्या मेरी ली १९०२ मध्ये अलेक्झांड्रियात ट्राममध्ये काळ्यांसाठी ठेवलेल्या जागेवर बसल्या आणि उठायला तयार झाल्या नाहीत म्हणून पोलिसांनी त्यांना ठाण्यावर नेलं. सामान बरंच होतं, उठायचा कंटाळा होता, त्यामागे काही तत्त्व नव्हतं असंच बहुतेकांचं मत आहे.

दख्खनी

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक धागा जोडतो. मिसेस ली १८७३ च्या नोव्हेंबरात वारल्या असं वर आलंय. त्याच १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' छापली गेली, आणि तिची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सद्भावी लोकांना आहे. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी जो निःस्वार्थ त्याग केला त्याच्या आदरार्थ. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना मुक्त करावं ही इच्छा तिथे स्पष्ट लिहिली आहे.

व्हर्जिनियातल्या लेक्सिंग्टनमध्ये आणि रिचमंडमध्ये पराभूत बाजूची माणसं ज्या युद्धातून गुलामगिरी पुसून टाकत होती, त्याच युद्धाचा अर्थ पुण्यातल्या एका माळ्याच्या मुलाने तेव्हाच बरोबर ओळखला होता. म्हणून 'त्या काळात कोणाला कळत होतं' हा युक्तिवाद मला कधीच पटत नाही.

मुंबईचं नातं तर पैशाचं. युद्धामुळे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आपल्या कापसाचे भाव चढले, आणि मुंबईत शेअरांचं वेड लागलं. ९ एप्रिल १८६५ ला लीने शस्त्रं खाली ठेवली, ती बातमी मुंबईत पोचल्यावर भाव कोसळले आणि कितीतरी पेढ्या बुडाल्या. अभ्यासकांनी त्या वर्षांतली मुंबईच्या घराण्यांची पत्रं काढून बघावीत, त्यात ॲपोमॅटॉक्सचे (लीने शस्त्रं खाली ठेवली ते ठिकाण) पडसाद असणार.

बापू_सातारकर

फुल्यांचा संदर्भ मोठा आहे, दख्खनी. आणि १८५६ चं पत्र मी आज पूर्ण काढून वाचलं. निशिगंधा म्हणते तसंच आहे, ते वाक्य एकटं उद्धृत करणं बरोबर नाही. खासगीपणाबद्दलची माझी शंका मात्र कायम आहे. मोडीवाचकांची चूल मला पुरेशी वाटत नाही. माणूस जाळायला कचरतो याची शंभर कारणं असतात.

एक विचारायचं होतं. लीला माफी मिळाली की नाही? कुठेतरी वाचलं की त्याचा अर्जच हरवला.

निशिगंधा

हो, तीही कागदांचीच गोष्ट आहे. जून १८६५ मध्ये त्याने राष्ट्राध्यक्ष जॉन्सनकडे माफीचा अर्ज केला. निष्ठेची शपथ त्यासोबत लागते हे नंतर कळल्यावर २ ऑक्टोबर १८६५ ला ती सही करून पाठवली. त्याच दिवशी त्याने लेक्सिंग्टनच्या कॉलेजच्या अध्यक्षपदाची सूत्रं हाती घेतली. ती शपथ सरकारी कागदांत पडून राहिली आणि १९७० मध्ये राष्ट्रीय अभिलेखागारात सापडली. शेवटी ५ ऑगस्ट १९७५ ला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी अर्लिंग्टन हाऊसमध्येच सही करून त्याचं नागरिकत्व परत दिलं. त्याला मरून १०५ वर्षं होत आली होती. मधल्या काळात दक्षिणेतले लोक म्हणत होते की त्याने कधी मान तुकवली नाही, आणि उत्तरेतले काही म्हणत होते की त्याने कधी पश्चात्ताप दाखवला नाही. शपथेचा कागद दोघांच्याही विरुद्ध होता, खणात.

खासगीपणाबद्दल तुमच्याशी मी अर्धी सहमत आहे. मिसेस लींच्या आजारपणाबद्दल, घरातल्या कुरबुरींबद्दल जे आहे ते चघळायची गरज नाही. पण लींच्या पत्रांत दोनशे माणसांची आयुष्यं आहेत. कोण कुठे भाड्याने गेला, कोणाचं मूल कुठे राहिलं. त्यांच्या पणतवंडांना तो कागद हवा आहे आणि त्यांच्याकडे दुसरा नाही. त्या पत्रावर फक्त लींचा हक्क आहे असं मी मानू शकत नाही.

रानवाऱ्याच्या पहिल्या प्रश्नाला जोडून विल्यम आणि रोझाबेला बर्क यांचं सांगते. अर्लिंग्टनचेच गुलाम, लींनी १८५३ मध्ये मुक्त करून आफ्रिकेतल्या लायबेरियाला पाठवलेले. विल्यम तिथे पाद्री झाला. दोघं मिसेस लींना पत्रं लिहीत. रोझाबेलाचं १८५९ चं पत्र आहे, त्यात मागे राहिलेल्या आपल्या माणसांची विचारपूस आहे, आणि आपल्याला आफ्रिका आवडते, अमेरिकेशी तिची अदलाबदल करणार नाही असं ठामपणे लिहिलेलं आहे. भाषा अदबीची आहे. मालकिणीकडूनच घरच्यांची खबर मिळायची तर अदब ठेवावीच लागणार. मोडीवाचक म्हणतात तो पत्राचा सावधपणा गुलामाच्या पत्रात दसपट असतो, आणि तो धरूनच ते वाचावं लागतं.

सावधपणा उरला नाही की पत्र कसं होतं ते जॉर्डन अँडरसनच्या पत्रात बघा. ते या घराण्याचं नाही, टेनेसीचं. जुन्या मालकाने परत कामाला ये म्हणून बोलावलं, आणि ऑगस्ट १८६५ मध्ये त्याने ओहायोमधल्या डेटनहून उत्तर लिहवून घेतलं. माझी ३२ वर्षांची मजुरी महिना २५ डॉलरने, बायकोची २० वर्षांची आठवड्याला २ डॉलरने, एकूण ११,६८० डॉलर आधी पाठवा, मग तुमच्या चांगुलपणाची खात्री पटेल, असं. मुलींच्या अब्रूची हमी काय, शाळा आहे का, हेही विचारलं. ते पत्र तेव्हाच वृत्तपत्रांत छापलं गेलं म्हणून टिकलं.

रानवारा

पणतवंडांचा मुद्दा डोक्यात राहिला. ज्यांच्याकडे एकही पत्र नाही ती माणसं शोध कुठून सुरू करतात?

मोडीवाचक

यावर निशिगंधाच नीट सांगतील, पण पद्धत सगळीकडे सारखीच. मालकाच्या कागदात नाव शोधायचं, मग सरकारी नोंदीत, मग गावात विचारायचं. नावाचं लेखन दर कागदात बदलतं, म्हणून उच्चारावरून शोधायचं.

निशिगंधा

अगदी तसंच. मुक्त झालेल्यांच्या मदतीसाठी मार्च १८६५ मध्ये फ्रीडमन्स ब्युरो स्थापन झाला. त्याच्या नोंदींत लग्नं, मजुरीचे करार, तक्रारी आहेत, आणि बराच भाग आता ऑनलाइन शोधता येतो. १८७० ची जनगणना ही पहिली, जिच्यात या सगळ्यांची नावं आडनावासकट आली. त्याआधी १८५० आणि १८६० मध्ये गुलामांची वेगळी यादी असायची, मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि रंग. त्या दोन याद्यांमधली दरी ओलांडायला मृत्युपत्रं आणि मळ्याच्या वह्या लागतात, म्हणजे पुन्हा लींसारख्यांच्याच ट्रंका.

आणि वृत्तपत्रांतल्या जाहिराती आहेत. युद्ध संपल्यावर काळ्यांच्या वृत्तपत्रांत आणि चर्चच्या पत्रकांत लोक आपल्या माणसांचा शोध घेणाऱ्या जाहिराती देत. आईचं नाव अमुक, अमुक मालकाने अमुक गावी विकली, आम्ही इतकी भावंडं, कोणाला माहीत असेल तर कळवा. धर्मगुरूंनी रविवारी व्यासपीठावरून हे वाचून दाखवावं अशी विनंतीही काहींत असते. १९०० नंतरही त्या येत राहिल्या. व्हिलानोव्हा विद्यापीठाने अशा हजारो जाहिराती गोळा करून ठेवल्या आहेत, 'लास्ट सीन' या नावाने शोधलं तर मिळतील. ली घराण्याची पत्रं वाचायची असतील तर स्ट्रॅटफर्ड हॉल, म्हणजे ली जिथे जन्मला ते घर, त्यांच्या संकेतस्थळावर ली फॅमिली डिजिटल आर्काइव्ह आहे. माझी सूचना अशी, की दोन्ही पानं शेजारी शेजारी उघडी ठेवून वाचावीत. १८६६ चं कुठलंही लीचं पत्र घ्या आणि त्याच वर्षीची एखादी जाहिरात घ्या.

मी काही जाहिरातींचा मराठी अनुवाद सुरू केला आहे. कोणाला हात लावायचा असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नावांचे उच्चार तपासायला पोटोमॅकची मदत लागेल.

पोटोमॅक

जरूर. यादी पाठवा.